कम्युनिटी कॉलेज: केमिस्ट्री घेऊ, कॅड घेऊ की आधी कम्युनिकेशन? (बे एरिया, एच४)

जुईची_वेल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, बीएस्सी केमिस्ट्री, २०११. दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजला प्रॅक्टिकल घेतले, मग लग्न, मग इकडे. मुलगी आता पहिलीत गेली आणि चार महिन्यांपूर्वी माझं एच४ (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर बायकोला मिळतो तो व्हिसा) वरचं इएडी, म्हणजे काम करायचं परमिट, हातात आलं. अकरा-बारा वर्षांची गॅप आहे. मला खरंतर लॅबमध्येच परत जायचंय, क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) वगैरे. नवरा म्हणतो कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं) शिक, घरून पण काम मिळतं, सहा महिन्यांत हाताशी काहीतरी येईल. मी एका कॉलेजात कौन्सेलरला भेटले तर ती म्हणाली आधी कम्युनिकेशनचा क्लास घ्या आणि मॅथ्स अगदी खालून सुरू करा. मी बीएस्सी झालेय हे सांगितलं तरी तिने तेच लिहून दिलं. मी ते ऐकून बेसिक अल्जिब्राचा क्लास घेतला आणि पूर्ण क्वार्टर त्यात गेलं. परीक्षेत सगळे मार्क मिळाले पण शिकले काहीच नाही, आणि आता कळतंय की त्याची गरजच नव्हती. फार वाईट वाटलं, पैशापेक्षा ते तीन महिने गेले त्याचं.

तर मला विचारायचंय की तिन्हीतलं काय आधी घेऊ? इथे कुणी घेतलेत का हे क्लासेस? एच४ वर फी किती पडते? खरं खरं सांगा.

---

मीनल_एडिसन

जुई, स्वागत. मी न्यू जर्सीत आहे त्यामुळे कॅलिफोर्नियाचं नेमकं दुसरे सांगतील. आमच्याकडे काउंटीवर सगळं असतं, आपल्या काउंटीतलं कॉलेज असेल तर फी एक, बाहेरच्या काउंटीचं असेल तर जास्त. मी एडिसनच्या मिडलसेक्सला अकाउंटिंग केलं. एच४ वर शिकायला वेगळा एफ१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागत नाही हे मात्र सगळीकडे सारखंच, मला हे कळायला दोन वर्षं लागली कारण सगळ्या मैत्रिणी म्हणायच्या की व्हिसा बदलावा लागतो. नाही लागत. फेडरल मदत (ती फाफ्सा भरून मिळते ती) एच४ ला मिळत नाही, तेवढं लक्षात ठेव.

---

अनिकेत_सॅनहोजे

कॅलिफोर्नियाचं मी सांगतो. इथे ११६ कम्युनिटी कॉलेजेस आहेत आणि स्टेटच्या रहिवाशाला फी आहे युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर. डी अँझा आणि फूटहिल ही दोन क्वार्टर सिस्टीमवर चालतात तिथे युनिटला ३१. ते स्वस्त नाही हां, क्वार्टरचं एक युनिट सेमिस्टरच्या दोन तृतीयांश धरतात, हिशोब तोच. मिशन, ओलोनी ही सेमिस्टरवाली. वर हेल्थ फी, पार्किंग वगैरे किरकोळ.

मुद्दा रहिवाशाचा. टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेलं दाखवावं लागतं, आणि इथेच राहायचा इरादा आहे हे सुद्धा. लायसन्स, टॅक्स रिटर्न, घराचं लीज, हे सगळं चालतं. एच४ वाल्यांना रेसिडेन्सी मिळते, एफ१ आणि टुरिस्ट व्हिसावाल्यांना नाही मिळत. ऍडमिशन ऑफिसातला माणूस कधीकधी व्हिसा बघून सरळ नॉन-रेसिडेंट टाकतो आणि मग बिल कित्येक पट येतं. तसं झालं तर गप्प बसू नका, रेसिडेन्सीचा फॉर्म मागा, कागद द्या, बदलून मिळतं. माझ्या बायकोचं असंच झालेलं.

आता कॅडबद्दल, कारण मी मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे आणि माणसं घेताना मुलाखतीला बसतो. नुसतं सॉफ्टवेअर येतं म्हणून कुणाला नोकरी देत नाही कोणी. ऑटोकॅड १९८२ पासून आहे, सॉलिडवर्क्स १९९५ पासून, बटणं कुठे आहेत हे यूट्यूबवर पण शिकता येतं. आम्ही बघतो की भाग हातात दिला तर तो मोजून, त्याचं ड्रॉइंग असं काढता येतं का की मशीनवाला फोन न करता तो बनवेल. ते क्लासमध्ये नीट शिकवतात. पण जुई, तुम्हाला लॅब आवडते तर कॅडच्या मागे का लागताय हे मला कळलं नाही. नवऱ्याचं म्हणणं काळजीपोटी असेल पण सहा महिन्यांत कॅड शिकून घरून नोकरी, हे मी तरी फार कमी बघितलंय.

---

कृष्णाकाठ

जुई, मी सांगलीची, डिप्लोमा मेकॅनिकल. तुझ्या शेजारचीच की गं! मी तीनपैकी दोन घेतलेत, कॅड आणि कम्युनिकेशन, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कॅडचा पहिला धक्का सांगते. आपल्याकडे डिप्लोमाला आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकतो, म्हणजे फ्रंट व्ह्यूच्या खाली टॉप व्ह्यू. इथे थर्ड अँगल. टॉप व्ह्यू वर, उजवीकडून बघितलेलं उजवीकडेच. मी पहिली शीट सवयीप्रमाणे काढली, एकदम स्वच्छ, मापं सगळी बरोबर, आणि सरांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं, मग विचारलं की हे भोक नेमकं कुठल्या बाजूला आहे? भोक त्यांच्या हिशोबाने उलट्या बाजूला गेलेलं. त्यांनी मला कोपऱ्यातली ती कापलेल्या शंकूची खूण दाखवली, ती बघून कळतं कुठला अँगल आहे. आपण ती खूण आयुष्यभर टायटल ब्लॉकमध्ये नुसती छापल्यासारखी काढत आलो, तिचा उपयोग मला त्या दिवशी कळला. मग इंच. पाव इंचाचा बोल्ट म्हणजे १/४-२०, त्यातले २० म्हणजे इंचात वीस आटे. कागदाची मापं पण ए४ ए३ नाहीत, ए बी सी डी अशी अक्षरं, आणि यांचा डी मोठा तर यांचा ए आपल्या ए४ एवढा.

आणि आपल्याकडे मिनी ड्राफ्टर घेऊन, काचेखाली दिवा लावून एकमेकांच्या शीटा छापायचो (जीटी मारणं) ते इथे शक्यच नाही. सॉलिडवर्क्समध्ये स्केच निळं असेल तर ते अजून सुटं आहे, काळं झालं की पक्कं बांधलं गेलं. सर येऊन एकच माप बदलायचे, समजा ५० चं ८०, आणि बघायचे की बाकीचा भाग नीट वाढतो की सगळा कोलमडतो. ज्यांनी नुसतं दिसायला सारखं काढलेलं त्यांचं कोलमडायचं. माझं पहिल्या दोन वेळा कोलमडलं. तिसऱ्या वेळी टिकलं, आणि तेव्हा मला खरंच कळलं की मॉडेल काढणं म्हणजे काय ते. फायनलला आम्हाला एक छोटा टूलमेकर्स क्लॅम्प दिला, कॅलिपरने मोजायचा, सगळे पार्ट काढायचे, असेंब्ली करायची, ड्रॉइंग करायचं. मी तो चार दिवस किचनच्या ओट्यावर ठेवला होता, भाजी परतता परतता मोजायचे.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, सॉलिडवर्क्स मॅकवर सरळ चालत नाही. विंडोज लागतं किंवा कॉलेजच्या लॅबला बसावं लागतं. ऑटोडेस्क कंपनीचं फ्यूजन मॅकवर चालतं. ऑटोडेस्कची बहुतेक सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, वर्षाला रिन्यू करायची.

कम्युनिकेशनचं नंतर लिहिते, मुलाला आणायची वेळ झाली.

---

दिगंबर_नाशिक

मी नाशिकला, आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल शिकवायचो, आता रिटायर आहे. कृष्णाकाठ यांनी फर्स्ट अँगल थर्ड अँगलचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, आमच्या पोरांना मी दोन्ही काढायला लावायचो कारण नाशिक अंबडच्या कारखान्यात परदेशी कंपन्यांची ड्रॉइंग यायची ती थर्ड अँगलमध्ये असायची आणि पोरगा उलटा जॉब करून ठेवायचा, अख्खा लॉट भंगारात. आमचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. तिकडे वयाने मोठी माणसं, आई झालेल्या बायका, रात्रीच्या वर्गाला येऊन हे शिकतात हे मला फार आवडलं. आपल्याकडे तिशीच्या पुढे वर्गात बसायची सोयच कमी, आणि सोय असली तरी लोक काय म्हणतील हे आधी. यूजीसीने २०१३ च्या सुमारास आपल्याकडे पण कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती, पण आमच्याकडे आलेल्या पोरांच्या तोंडी ते नाव मी कधी ऐकलं नाही. हे व्हायला पाहिजे हो, फार गरज आहे.

---

वऱ्हाडी_रसायन

जुई ताई, मी नागपूरची, एमएस्सी ऑरगॅनिक, आता नऊ वर्षं एका फार्मा कंपनीत क्यूसीला आहे. मी पण अशीच गॅपनंतर कम्युनिटी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून परत आली. तर माझं ऐक.

तू बीएस्सी असताना तुला पूर्ण जनरल केमिस्ट्रीचे तिन्ही क्लास परत करायची गरज आहे का, हे आधी बघ. तुझी डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते एखाद्या इव्हॅल्युएशन एजन्सीकडून तपासून घे. तीन वर्षांच्या बीएस्सीला काही एजन्सी पूर्ण बॅचलर्स धरतात, काही नाही धरत, म्हणून पैसे भरायच्या आधी त्यांना विचार. आणि प्रीरिक्विझिट (आधी करावे लागणारे क्लास) क्लिअरन्सचा फॉर्म असतो, ट्रान्सक्रिप्ट (मार्कशीट) जोडून द्यायचा, त्याने खालचे क्लास सुटतात. तुला कौन्सेलरने हे सांगायला पाहिजे होतं. २०१७ च्या कायद्यानंतर तर कॅलिफोर्नियात इंग्रजी गणिताच्या प्लेसमेंट टेस्ट घेऊन मुलांना खालच्या वर्गात ढकलणं जवळपास बंदच झालं. तुझे तीन महिने गेले ते परत येत नाहीत, पण दुसऱ्या कौन्सेलरला भेट, एकीचं म्हणणं शेवटचं समजू नको.

तरी पण मी म्हणते एक लॅबचा क्लास घेच. का ते सांगते.

आपल्याकडे टायट्रेशन कसं करायचो आठव. एक पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, आणि तिन्ही सारखी आली पाहिजे, सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग)! १८.६, १८.६, १८.६. नाही आली तर आपण आणायचो, सगळ्यांनाच माहीत आहे. इथे पहिल्याच लॅबला मी तसं लिहिलं. मॅडमने ब्युरेट माझ्या डोळ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, दोन रेघांच्या मधे बघ, मेनिस्कस (द्रवाची वाकलेली पातळी) कुठे आहे? मग मी नीट वाकून बघितलं तर १८.६ च्या थोडा खाली होता. १८.६३ लिहायला लावलं. पुढचं १८.५८ आलं, त्याच्या पुढचं १८.६५. म्हणाल्या, आता हे खरं वाटतं. ऍव्हरेज काढ, डेव्हिएशन काढ. मी इतकी वर्षं शिकली आणि शिकवली पण रीडिंगा वेगवेगळ्या येणं हे चूक नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग पण आपण चांगला गुलाबी करून मोकळे व्हायचो, इथे अगदी फिकट, जेमतेम दिसेल असा, आणि तो अर्धा मिनिट टिकला पाहिजे. शेवटी थेंब पण पूर्ण नाही टाकायचा, ब्युरेटच्या टोकाला अर्धा लोंबला की फ्लास्कच्या काचेला लावून पाण्याने खाली धुवायचा.

आणि तोंडाने पिपेट ओढायची नाही! मी सवयीने तोंडाला लावली तर अख्खी लॅब थांबली. बल्बच वापरायचा. डोळ्याला गॉगल, पाय झाकलेले बूट, सिंकमध्ये काही ओतायचं नाही, प्रत्येक वेस्टची वेगळी बाटली.

जर्नल आपण घरी येऊन सुवाच्य अक्षरात उतरवायचो, निळी शाई काळी शाई. इथे नोटबुकात लॅबमध्येच पेनाने लिहायचं, खाली कार्बन कॉपी उमटते, ती जाताना देऊन जायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, चुकीचं पण वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर चालत नाही. तेव्हा मला वाटलं की काय हा जाच, आता रोजच्या नोकरीत अगदी हेच करते, एक रेघ, सही, तारीख. इंटरव्ह्यूला मला विचारलं की चूक झाली तर रेकॉर्डमध्ये काय करता, आणि मी ते लगेच सांगितलं. तो क्लास केला नसता तर मी म्हटलं असतं पान बदलते.

तुला क्यूसीलाच जायचं असेल तर ओलोनीचा बायोटेकचा प्रोग्राम पण बघ, न्यूअर्कच्या कॅम्पसला आहे.

---

शरयू_काकू

जुई बाळा, मी फ्रीमाँटला मुलाकडे असते, ग्रीन कार्ड आहे, वय ६४. मी नॉनक्रेडिटचे (ज्याचे युनिट मिळत नाहीत ते) इंग्रजीचे वर्ग केले, ते फुकट असतात. मग नातवाने धाडस दिलं म्हणून कम्युनिकेशनचा क्रेडिटचा क्लास घेतला. नातू हायस्कूलमध्ये असून तोही कॉलेजचा एक क्लास घेतो, शाळेतल्या मुलांना इथे कॉलेजची फी माफ असते. मला फक्त इतकंच सांगायचंय की वर्गात माझ्या शेजारी एक ट्रक चालवणारा माणूस, एक अफगाणी मुलगी, एक नुकताच सैन्यातून आलेला मुलगा होता. कुणी कुणाला हसलं नाही. मी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. कौन्सेलरने तुला गणिताचं चुकीचं सांगितलं पण कम्युनिकेशनचं बरोबर सांगितलं असं मला वाटतं.

---

कृष्णाकाठ

आले परत. काकूंनी लिहिलंय त्याला माझं पूर्ण अनुमोदन.

कम्युनिकेशन मला घ्यायचंच नव्हतं. मला वाटायचं की मी इंग्रजी बोलते की, यात शिकायचं काय. पण इथून पुढे सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर व्हायचं तर ओरल कम्युनिकेशन लागतंच, ते, लेखन, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित, हे चार सुटत नाहीत. म्हणून घेतला. माहिती देणारं भाषण पाच ते सात मिनिटं, मग पटवून देणारं. पाच मिनिटांच्या आत संपलं तर मार्क कमी, सातच्या पुढे गेलं तरी कमी. हातात छोटी कार्डं, वाचून दाखवायचं नाही. माहिती कुठून मिळाली ते बोलता बोलता सांगायचं.

मी विषय घेतला हरिपूरची हळदीची पेवं. सांगलीच्या बाहेरचे वाचक असतील त्यांच्यासाठी, हरिपूरला कृष्णेकाठी जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायचे, तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, काही तास तसंच ठेवतात. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय मिळालं. घरी मी हे पाठ करून गेले आणि पहिलं वाक्य म्हणाले, मी हळदीबद्दल सांगणार आहे. प्रोफेसरांनी सराव बघताना थांबवलं, म्हणाल्या तुझ्या वर्गाला हळद म्हणजे कॅफेतली टर्मरिक लाटे, हळदीचं दूध. तू पेवात उतरणाऱ्या माणसापासून सुरू कर. त्याला का थांबावं लागतं ते सांग.

बदललं. खऱ्या भाषणाला मी म्हणाले की एक माणूस जमिनीतल्या भोकाशी उभा आहे, त्याला आत उतरायचंय, पण लगेच उतरला तर तो मरेल. आणि गप्प राहिले दोन सेकंद. वर्गातले सगळे मोबाइल खाली गेले. मग मी हळदीत बुडवून वाळवलेला कागद काढला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, लालभडक झाला. आपण हळदीत चुना घालून कुंकू करतो तेच. जुई, तुला हे माहीतच आहे, केमिस्ट्रीवाली आहेस.

त्या वर्गानंतर मी मीटिंगमध्ये बोलायला लागले. आधी मी बरोबर असूनसुद्धा गप्प बसायचे. कॅडने मला इंटरव्ह्यूपर्यंत नेलं, पण इंटरव्ह्यूत तो क्लॅम्प कसा केला, कुठलं माप आधी धरलं आणि का, हे मी बोलू शकले ते या क्लासमुळे. म्हणून मी म्हणेन, तुझी लॅब सोडू नकोस, पण सोबत हा घे. तीन तीन नको, पोर लहान आहे.

---

अनिकेत_सॅनहोजे

सहमत. एक राहिलं. ट्रान्सफर करायचं मनात असेल तर असिस्ट नावाची वेबसाइट आहे, कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत धरतात ते तिथे कळतं, कौन्सेलरचं ऐकून घ्या पण तिथे स्वतः तपासा. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसना ठरलेले क्लास आणि मार्क असले तर गॅरंटीने प्रवेश मिळतो, बर्कली, एलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. आणि लॅबचे सेक्शन लगेच भरतात, नवीन विद्यार्थ्यांना रजिस्ट्रेशनची तारीख शेवटची मिळते. वेटलिस्टला नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा, पहिल्या दिवशी जे येत नाहीत त्यांना काढतात आणि त्यांची जागा तुम्हाला मिळते. नाही जमलं तर मुदतीच्या आत ड्रॉप करा म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (मधेच सोडल्याची खूण) लागत नाही.

---

जुईची_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार, मी काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. तो सीबीआरचं ऐकून म्हणाला की तू हे सांगताना किती वर्षांनी अशी हसलीस. कॅडचा विषय त्यानेच मागे घेतला.

आज दुसऱ्या कौन्सेलरला भेटले. ट्रान्सक्रिप्ट दाखवल्यावर तिने क्लिअरन्सचा फॉर्म स्वतः भरून घेतला. रेसिडेन्सीचं अनिकेत म्हणाले तसंच निघालं, सिस्टीममध्ये नॉन-रेसिडेंट पडलेलं, लीज आणि टॅक्सचे कागद उद्या नेऊन देते. लॅबच्या वेटलिस्टवर तिसरी आहे, मंगळवार गुरुवार संध्याकाळी सहाचा सेक्शन, आणि कम्युनिकेशन शनिवारी सकाळी. मुलगी शनिवारी बाबाकडे.

वऱ्हाडी ताई, गॉगल कुठला घ्यायचा? मला चष्मा आहे.

---

वऱ्हाडी_रसायन

चष्म्यावरून बसणारा घे, कडेने पूर्ण बंद असणारा, वरती झाकलेली भोकं असतात तो, म्हणजे वाफ धरत नाही. कॉलेजच्या बुकस्टोअरलाच मिळतो, कार्बनवाली नोटबुक पण तिथेच. आणि केस बांधायला रबर पर्समध्ये ठेव, मंगळवारी वेटलिस्टवर असलीस तरी पूर्ण तयारीनेच जा, जागा मिळाली तर त्याच दिवशी लॅबला उभं करतात.